लोकांचें बोलणें आणि संशोधकाची वर्गवारी

शिरगणतीचा कारकून दारांत उभा राहतो. घरांत माणसें किती, शिकलेलीं किती, मिळवतीं किती, हें विचारतो आणि उत्तरें आपल्या तक्त्यांत भरून पुढच्या घरीं जातो. त्याचें काम कष्टाचें असलें तरी सरळ असतें. कारण काय मोजावयाचें तें आधींच ठरलेलें असतें, आणि पांच म्हणजे पांच याविषयीं कोणाचा वाद नसतो. परंतु त्याच दारांतील गृहिणी जर म्हणाली कीं, "माणसें पांच आहेत खरीं, पण यांची नोकरी सुटल्यापासून घर कसें सुनेंसुनें झालें आहे," तर तें वाक्य तक्त्याच्या कोणत्याहि रकान्यांत बसत नाहीं. कारकून मान हलवितो आणि वाक्य हवेंत विरून जातें. समाजाचा अभ्यास करणारांपुढील एक जुना व अवघड प्रश्न नेमका या वाक्याचा आहे. तें टाकून द्यावें, तर त्या घराची खरी स्थिति हरवते. जसेंच्या तसें ठेवावें, तर अशीं हजार वाक्यें जमल्यावर त्या ढिगांतून कांहींच निष्पन्न होत नाहीं.

या अडचणींतून वाट काढण्याच्या रीतीला कोडिंग असें म्हणतात; मराठी अभ्यासक तिला संकेतन म्हणतात. मुलाखती, पत्रें, रोजनिशा, शाळकरी मुलांचे निबंध, संशोधकानें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहून लिहिलेलीं टिपणें अशी सारी सामग्री पुन्हा पुन्हा वाचावयाची; तींतील अर्थपूर्ण तुकड्यांना नांवें द्यावयाचीं; एका नांवाखालीं आलेले तुकडे एकमेकांशीं ताडून पाहावयाचे; आणि त्या तुलनेंतून समाजाविषयीं कांहीं निश्चित विधान करावयाचें, असें तिचें थोडक्यांत स्वरूप आहे. वर्णन ऐकून हें काम निव्वळ कारकुनी वाटण्याचा संभव आहे. तें तसें कां नाहीं, आणि त्यांत माणसाच्या अब्रूचा प्रश्न कसा गुंतलेला असतो, हें ऑस्ट्रियांतील एका लहानशा वस्तीच्या कहाणीवरून चांगलें ध्यानांत येतें.

व्हिएन्ना शहराच्या आग्नेयेस ग्रामाटनॉयझीडल नांवाचें गांव आहे. त्याला लागून मारिएनथाल ही गिरणीकामगारांची वसाहत. 1830 सालीं तेथें सूतगिरणी निघाली आणि पुढें जवळजवळ शंभर वर्षें सगळी वस्ती त्या एका गिरणीवर जगली. 1929 मध्यें मंदीच्या तडाख्यांत एकेक खातें बंद पडूं लागलें आणि 1930 च्या आरंभीं सारी गिरणी थंडावली. गिरणी बंद पडणें म्हणजे काय, हें 1982 च्या संपानंतरचें गिरणगांव ज्यांनीं पाहिलें त्यांना निराळें सांगावयास नको. मारिएनथालमध्यें 478 कुटुंबें होतीं, माणसें 1,486. त्यांपैकीं तीन-चतुर्थांशांहून अधिक कुटुंबांत नोकरी असलेला एकहि माणूस उरला नाहीं.

त्याच सुमारास व्हिएन्नांतील पॉल लाझार्सफेल्ड या तरुण अभ्यासकांच्या मनांत कामगार फुरसतीचा वेळ कसा घालवितात याचा शोध घ्यावयाचा होता. ती कल्पना त्यांनीं समाजवादी पक्षाचे पुढारी ओटो बावर यांच्या कानांवर घातली. देशांत बेकारीचा वणवा पेटला असतां फुरसतीचा अभ्यास कसला करतां, बेकारीचाच करा, असा बावर यांचा सल्ला पडला. त्याप्रमाणें 1931 च्या अखेरीस कामास प्रारंभ झाला. लाझार्सफेल्ड गणितांतले, त्यांचे सहकारी हान्स झाइझेल कायद्यांतले आणि मारी याहोडा मानसशास्त्राच्या अभ्यासक. तिघेंहि तिशीच्या आंतबाहेरचीं. नुसता प्रेक्षक म्हणून कोणीहि गांवांत वावरावयाचें नाहीं, प्रत्येकानें गांवाच्या उपयोगाचें कांहींतरी काम अंगावर घ्यावयाचें, असा त्यांनीं दंडक घातला. म्हणून कोणी जुने कपडे जमवून वाटले, कोणी मोफत औषधोपचाराची सोय केली, कोणी मुलींना कवायत आणि कपडे बेतण्याचें शिक्षण दिलें. लोटे शेंक-डान्झिंगर या तर त्या हिवाळ्यांत सहा आठवडे तेथेंच राहिल्या. मदतीचा हात आणि टिपणवही यांची ही जोडी आजच्या अभ्यासकास थोडी खटकेल. तो अशा वेळीं आधीं संमति मागतो. परंतु या रीतीमुळें लोकांचें रोजचें जिणें संशोधकांना जवळून पाहतां आलें, हें नाकारतां येत नाहीं.

कांहीं महिन्यांत जमलेल्या कागदांचें वजन सुमारें 30 किलो भरलें. त्यांत प्रत्येक कुटुंबाचें एक कार्ड होतें. 32 पुरुषांच्या व 30 स्त्रियांच्या जीवनकहाण्या होत्या. 80 जणांनीं आपला दिवस तासातासानें लिहून दिलेले तक्ते होते. 40 कुटुंबांनीं आठवडाभर काय खाल्लें याच्या नोंदी होत्या. कामगारांच्या वाचनालयाच्या वह्या होत्या. त्यांवरून असें दिसलें कीं, वर्गणी माफ करूनहि 1929 ते 1931 या काळांत पुस्तकें नेण्याचें प्रमाण निम्म्यावर आलें. वेळ उदंड होता. वाचण्याची इच्छा मात्र मावळली होती.

मुलांच्या निबंधांचें उदाहरण विशेष बोलकें आहे. नाताळांत काय मिळावें असें वाटतें, हा विषय मारिएनथालच्या आणि आसपासच्या गांवांच्या मुलांना दिला गेला. मुलांनीं मागितलेल्या वस्तूंची किंमत काढतां मारिएनथालच्या मुलांच्या इच्छा शेजारच्या मुलांच्या इच्छांच्या एक-तृतीयांश भरल्या. हा झाला हिशेब. पण संशोधकांचें लक्ष वाक्यांच्या घडणीकडेहि गेलें. मारिएनथालच्या पुष्कळ मुलांनीं इच्छा सुद्धां जर-तरच्या भाषेंत लिहिली होती : आईबापांपाशीं पैसे असते तर अमुक हवें होतें. मूल मागतांनाच नकार गृहीत धरूं लागलें होतें. निबंध वाचून "मुलें दुःखी आहेत" असा शेरा मारणारा यांतलें कांहींच पकडूं शकला नसता. नांव देण्यापूर्वीं बारकाईनें वाचणें याचा अर्थ हाच.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळावयाचें. बेकारीविषयीं त्या काळीं दोन मतें जोरांत होतीं. उपाशी माणूस उद्यां बंड करून उठेल, असें एक पक्ष म्हणे. बेकार माणूस मुळांतच आळशी असतो, म्हणून तो बेकार असतो, असें दुसरा पक्ष म्हणे. दुसरें मत अजूनहि घरोघर ऐकूं येतें. 30 किलो कागदांतून या दोहोंचा निवाडा कसा करावयाचा?

संशोधकांनीं कुटुंबांच्या वृत्तीचे चार वर्ग पाडले. पहिला न खचलेल्या घरांचा, दुसरा मन मारून राहिलेल्या घरांचा, तिसरा हताश घरांचा आणि चौथा सुन्न घरांचा. नांवें ऐकतांना हे वर्ग मनाच्या लहरीनें पाडल्यासारखे वाटतील. परंतु त्यांचें बळ नांवांत नसून खुणांत आहे. न खचलेल्या घरांत संसार नीटनेटका होता, मुलांची निगा होती, पुढचे बेत होते आणि कामाचा शोध पुन्हा पुन्हा चालू होता. मन मारलेल्या घरांतहि संसार नेटका होता, मुलें स्वच्छ होतीं, मनाला एक प्रकारचें बरेपण सुद्धां होतें. परंतु बेत नव्हते, आशा नव्हती, आणि गरजा अगदीं कमींत कमी करून टाकलेल्या होत्या. हताश घरांत संसार अजून नेटकाच होता. पण गेलेल्या चांगल्या दिवसांची तुलना सारखी चाललेली असे आणि सगळे प्रयत्न फुकट आहेत अशी खात्री होऊन कामाचा शोध सुटला होता. सुन्न घरांत मात्र घडीच मोडली होती. घर अस्वच्छ, मुलें हेळसांडलेलीं, खर्चाला ताळतंत्र नाहीं. आणि आश्चर्य असें कीं, तेथें हताशेचा आक्रोशहि नव्हता. होती ती केवळ बेपर्वाई.

या खुणांची मांडणी पाहण्यासारखी आहे. नुसता घराचा टापटीपपणा पाहिला असता तर पहिले तीन वर्ग एकच वाटले असते. नुसतें तोंडावरचें दुःख पाहिलें असतें तर सुन्न घर हताश घरापेक्षां सुखी ठरलें असतें. दोन घरें कोठें सारखीं आहेत आणि कोठें निराळीं, हें ताडतां ताडतांच वर्गाची कड स्पष्ट होते. दर वर्गाला अशी स्पष्ट कड नसेल तर वर्गीकरण हें केवळ संशोधकाच्या पूर्वग्रहांचें गांठोडें होतें.

कपड्यांच्या वाटपाच्या निमित्तानें ज्या 100 घरीं भेटी झाल्या, त्यांत न खचलेलीं 16, मन मारलेलीं 48, हताश 11 आणि सुन्न 25 आढळलीं. हीं घरें विशेष गरजू होतीं. सबंध वस्तीचा अंदाज केला तेव्हां शेंकडा 23 घरें न खचलेलीं, 69 मन मारलेलीं आणि शेवटले दोन वर्ग मिळून 8, असें प्रमाण आलें. यानंतर संशोधकांनीं प्रत्येक वर्गापुढें त्याचें दरमहा उत्पन्न मांडलें. लहानमोठीं माणसें सारखीं न धरतां खाण्याच्या मानानें डोईचा वांटा काढला. न खचलेल्या घरांत तो 34 शिलिंग होता, मन मारलेल्यांत 30, हताशांत 25 आणि सुन्न घरांत 19. पांच शिलिंगांचें अंतर आपणांस क्षुल्लक वाटेल. परंतु त्या घरांत साखर वापरावयाची कीं सॅकरिन, मुलाचा फाटका जोडा शिवून त्याला शाळेंत पाठवावयाचें कीं घरींच ठेवावयाचें, याचा निकाल तेवढ्यावर लागत असे.

कोणी म्हणेल, कीं कारण कोणतें आणि परिणाम कोणता हें यावरून कसें ठरतें? माणूस सुन्न झाला म्हणून उत्पन्न घटलें असेल. ही शंका रास्त आहे, आणि चार आंकड्यांनीं ती फिटत नाहीं. ती फिटते इतर सामग्रीनें. मारिएनथालमधील उत्पन्न म्हणजे मुख्यतः सरकारी बेकारभत्ता होता. तो ठराविक नियमांनीं मिळे आणि ठराविक मुदतीनंतर घटत जाऊन बंद होई. माणसाच्या मनःस्थितीशीं त्याचा संबंध नव्हता. शिवाय जीवनकहाण्या सांगत होत्या कीं, हींच माणसें पूर्वीं नाटकें बसवीत, खेळांचे संघ चालवीत, वाचनालय आणि राजकीय सभा गाजवीत. चार वर्ग हे चार जातींच्या माणसांचे नसून एकाच उतरणीवरचे टप्पे आहेत, असा संशोधकांचा निष्कर्ष झाला. भत्ता आटत जाई, कपडे झिजत जात, आणि घर एकेक पायरी खालीं येई. आळस हें बेकारीचें मूळ नसून फळ आहे, हें अशा रीतीनें पुढें आलें. बंडाची भाकितें करणारांसहि उत्तर मिळालें. संपूर्ण वस्तीला संशोधकांनीं थकलेला समाज असें नांव दिलें. थकलेला माणूस बंड करीत नाहीं.

हें थकलेपण चालण्यांतहि दिसत होतें. हमरस्त्यावरून जाणारीं 100 माणसें त्यांनीं पाहिलीं. त्यांत 68 पुरुष व 32 स्त्रिया होत्या. वाटेंत कितीदां थांबलें याची नोंद केली. तीन किंवा अधिक वेळां थांबलेले पुरुष 39 भरले, तशा स्त्रिया फक्त 3. एकदांहि न थांबतां गेलेले पुरुष अवघे 6, स्त्रिया 12. पुरुषाला कोठेंच पोंचावयाचें नव्हतें. स्त्रीला मात्र चूल, धुणें आणि मुलें यांतून सुटका नव्हती. तासांचे तक्ते वाचतांना पुरुषांच्या कागदावर दुपारपर्यंत दोन-तीनच नोंदी कां येतात, हें कोडें या रस्त्यावर उलगडलें. बेकार हा एक शब्द नवरा आणि बायको या दोघांना सारखा लागू पडत नाहीं, हें त्यांतून दिसलें.

या पुस्तकाचें पुढें काय झालें तेंहि सांगितलें पाहिजे. तें 1933 सालीं जर्मनींत प्रसिद्ध झालें, त्याच वर्षीं तेथें हिटलरची सत्ता आली. लेखक ज्यू असल्यानें मुखपृष्ठावर त्यांचीं नांवें छापलीं गेलीं नाहींत आणि बहुतेक प्रती लवकरच नष्ट करण्यांत आल्या. मारी याहोडा यांना 1936 मध्यें अटक झाली आणि देश सोडण्याच्या अटीवर सुटून त्या 1937 मध्यें इंग्लंडला गेल्या. लाझार्सफेल्ड 1933 मध्यें व झाइझेल 1938 मध्यें अमेरिकेस गेले. नभोवाणीच्या श्रोत्यांनीं लाझार्सफेल्ड यांचें नांव निराळ्या कारणासाठींहि लक्षांत ठेवावें. श्रोत्यांना कोणते कार्यक्रम आवडतात याची मोठी पाहणी त्यांनीं व्हिएन्नांत केली होती आणि अमेरिकेंत रेडिओविषयक संशोधनाचे ते अध्वर्यु झाले. मारिएनथालच्या पुस्तकाची दुसरी जर्मन आवृत्ति 1960 मध्यें निघाली आणि इंग्रजी भाषांतर 1971 मध्यें.

मधल्या काळांत शब्दांच्या वर्गवारीचें शास्त्र अधिक रेखीव झालें. अमेरिकेंतील बार्नी ग्लेझर व अन्सेल्म स्ट्रॉस यांनीं 1967 सालच्या आपल्या ग्रंथांत असा आग्रह धरला कीं, वर्ग आधीं ठरवून लोकांवर लादूं नयेत. ते लोकांच्या बोलण्यांतून उगवूं द्यावेत, आणि नवा तुकडा हातीं आला कीं तो जुन्यांशीं सतत ताडून पाहावा. नवीन मुलाखतींतून वर्गांत कांहींच नवी भर पडत नाहींशी झाली म्हणजे थांबावें. त्यांनीं 1965 मध्येंच या रीतीचा दाखला दिला होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरांतील रुग्णालयांत मरणासन्न रोगी, नातलग आणि परिचारिका यांचें बोलणें-वागणें पाहून त्यांनीं जाणिवेचे चार प्रकार सांगितले. रोग्याला कांहींच ठाऊक नाहीं. रोग्याला संशय आहे. रोग्याला आणि इतरांना सर्वांनाच ठाऊक आहे, पण सारे कांहींच न घडल्याचें सोंग करीत आहेत. आणि सर्व जण उघडपणें बोलत आहेत. आपल्याकडील किती घरांत तिसऱ्या प्रकाराचें सोंग महिनोन्महिने चालतें, हें वाचकांना आठवेल. त्या सोंगाला नांव मिळालें आणि तेव्हांपासून त्याविषयीं बोलणें डॉक्टर व परिचारिका यांना सोपें झालें. चांगल्या संकेताचा उपयोग असा असतो.

महाराष्ट्रांत या कामाचें एक मोठें उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचें आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हॅं यांनीं खेड्यापाड्यांतील स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. एवढा साठा नुसता वहींत राहता तर त्यांतून वाट काढणें अशक्य होतें. म्हणून विषयवार वर्ग, पोटवर्ग आणि त्यांचे संकेत ठरवून त्यांची मांडणी झाली. बर्नार्ड बेल यांनीं ती संगणकावर उतरविली. सीतेचा वनवास, माहेर, भाऊ, लेकीचा जन्म, पंढरीची वाट असे एकेक धागे त्यामुळें हातीं येऊं शकतात. सीतेची ओवी गाणारी बाई सीतेविषयीं बोलते कीं स्वतःविषयीं, हा प्रश्न मात्र कोणत्याहि कप्प्यानें सुटत नाहीं. तेथें वाचणाराला बाईच्या जिण्याची ओळख असावी लागते.

या कामांत फसण्याच्या जागा पुष्कळ आहेत. संशोधकाला जें ऐकावयाचें असतें तेंच त्याला कागदांत दिसूं लागतें. यावर दोन उपाय मान्य झालेले आहेत. तोच मजकूर दुसऱ्या व्यक्तीस स्वतंत्रपणें द्यावा आणि दोघांचे संकेत कितपत जुळतात तें पाहावें. योगायोगानें होणारें साम्य वजा करून हा मेळ मोजण्याचें माप जेकब कोहेन यांनीं 1960 सालीं दिलें. दुसरा उपाय असा कीं, आपल्या निष्कर्षाविरुद्ध जाणारीं उदाहरणें मुद्दाम धुंडाळावीं आणि तीं लपवूं नयेत. 1981 पासून संगणकाचीहि मदत होऊं लागली. त्या वर्षीं ऑस्ट्रेलियांत लिन व टॉम रिचर्ड्‌स या दांपत्यानें या कामासाठीं पहिल्या कांहीं आज्ञावलींपैकीं एक सिद्ध केली. आतां तर यंत्र स्वतःच वर्ग सुचवूं शकतें. त्यामुळें वेळ वांचतो. पण सुचविलेला वर्ग त्या माणसाला न्याय देतो कीं नाहीं, हें पाहण्याची जबाबदारी यंत्रावर ढकलतां येत नाहीं.

कारण संकेत हा शेवटीं माणसाला दिलेलें नांव असतो. सुन्न हा शब्द एखाद्या घराच्या दारावर कायमचा चिकटला तर ती शिवी होते. तोच शब्द उतरणीवरची एक पायरी म्हणून वापरला तर त्या घराला वर चढविण्याची वाट दिसते. मारिएनथालच्या अभ्यासकांनीं ही काळजी घेतली आणि म्हणून त्यांचें काम टिकलें. 2020 च्या ऑक्टोबरांत त्याच ग्रामाटनॉयझीडलमध्यें ऑस्ट्रियाच्या रोजगार खात्यानें एक प्रयोग सुरू केला. वर्षाहून अधिक काळ बेकार असलेल्या प्रत्येकास काम देऊं करावयाचें आणि त्याच्या मनावर काय परिणाम होतो तें पाहावयाचें, असा तो 2024 पर्यंत चाललेला प्रयोग होता. नव्वद वर्षांपूर्वीं ज्यांचें बोलणें नीट ऐकून घेतलें गेलें, त्यांच्याच गांवांत तो व्हावा, हें उचित झालें.

शिरगणतीच्या कारकुनापुढें उभ्या असलेल्या त्या गृहिणीच्या वाक्यालाहि अशी जागा मिळूं शकते. तें कोणी लिहून घेतलें, दुसऱ्या शंभर घरांतील वाक्यांशेजारीं ठेवून पाहिलें आणि त्याला योग्य नांव दिलें, तर तिच्या घराचें सुनेंपण तिच्या एकटीचें राहत नाहीं. तो सर्वांनीं विचार करण्याचा प्रश्न होतो.